चाकांवरचं बिऱ्हाड: कुठं हात, कुठं बटण

धडधाकट, सरावाचा माणूस सायकलचं पायडल मारत राहिला तर तासन् तास साधारण ७५ वॅट शक्ती देऊ शकतो. नुसत्या हातांनी चाक फिरवायचं तर त्याहून कमीच. सकाळी आठला सुरुवात करून त्यानं अधूनमधून दम खात एकूण आठ तास पायडल मारलं, तर दिवसाचे होतात ६०० वॅट-तास. विजेच्या बिलावर जे युनिट छापलेलं असतं, त्या मापानं हे सहा दशांश युनिट. घामानं भिजलेला सबंध दिवस, आणि मीटरचा आकडा एकानंही पुढं सरकलेला नसतो! ही आकडेमोड कितीदाही केली तरी मी थक्क होतो.

आता बॅटरीकडं वळू. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची साधी शिसं-आम्लाची बॅटरी कागदावर १.२ युनिट धरते. ती लवकर मरू नये म्हणून त्यातलं निम्मंच वापरायचं असतं. उरले सहा दशांश युनिट. म्हणजे तीसेक किलोचा तो काळा डबा म्हणजे एका माणसाचा एक दिवस. आणि एक लिटर डिझेलमध्ये उष्णतेच्या रूपात सुमारे १० युनिटं दडलेली असतात. छोटा जनरेटर त्यातल्या पाव हिश्श्याची वीज करतो, असं धरलं तरी अडीच युनिटं हाती लागतात. पाण्याच्या बाटलीत मावेल एवढ्या डिझेलमध्ये चार माणसांची दिवसभराची मेहनत!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माळेगावची यात्रा. नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात, मार्गशीर्षाच्या शेवटी खंडोबाच्या नावानं भरणारी ही यात्रा घोडे, गाढवं, उंट यांच्या बाजारासाठी महाराष्ट्राबाहेरही ओळखली जाते. पण त्या माळावर जनावरांइतकंच बघण्यासारखं असतं ते चाकांवर आलेलं घर. तमाशाच्या फडांचे ट्रक, आकाशपाळण्यांचे लोखंडी सांगाडे वाहणाऱ्या लांबलचक गाड्या, भटक्या जमातींची पालं आणि त्या पालांशेजारी उभे टेम्पो, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, अजूनही काही बैलगाड्या. चार-पाच दिवसांसाठी एक गाव उभं राहतं आणि पुन्हा चाकांवर चढून निघून जातं. या प्रत्येक बिऱ्हाडानं एक प्रश्न कधी ना कधी सोडवलेला असतो: कुठलं काम हातावर ठेवायचं आणि कुठलं विजेवर टाकायचं?

हाच प्रश्न आता नव्या लोकांपुढंही आला आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. हौशी मंडळी पिकअपवर खोली बसवून घेतात, ट्रेलर बांधून घेतात. मग जॅक हाताचा की मोटरचा, पंप दाबायचा की बटणाचा, छत पसरायचं कसं, यावर घरात चर्चा झडतात. त्या चर्चेत बहुधा किंमत आणि सोय एवढंच बोललं जातं. मला वाटतं, त्यात पदार्थविज्ञान आलं की चर्चा फार सुंदर होते.

सुरुवात पाण्यापासून करू, कारण इथंच सगळ्यात मोठा धक्का आहे.

यात्रेत टँकरचं पाणी येतं. समजा आपल्या ट्रेलरच्या छतावर, दोन मीटर उंचीवर, टाकी आहे आणि २०० लिटरचं एक पिंप पाणी तिथं चढवायचं आहे. दोनशे किलो वजन दोन मीटर वर नेण्यासाठी लागणारी ऊर्जा भरते सुमारे ३९०० ज्यूल, म्हणजे जेमतेम एक वॅट-तास. युनिटाचा हजारावा भाग! पंपातली गळती, घर्षण धरून दुप्पट-तिप्पट झाली तरी बॅटरीला ती जाणवणारही नाही.

आता डिसेंबरची पहाट घ्या. माळावर थंडी मी म्हणत असते. अंघोळीला पंधरा लिटरची एक बादली हवी, पाणी १८ अंशांवरून ४० अंशांवर न्यायचं आहे. लागणारी ऊर्जा सुमारे ०.३८ युनिट. माणसाच्या दिवसभराच्या मेहनतीचे जवळपास दोन तृतीयांश एका बादलीत विरघळले. तेवढ्याच ऊर्जेत छतावर पाण्याची साडेतीनशे पिंपं चढवता आली असती!

पाणी उचलणं इतकं स्वस्त आणि तापवणं इतकं महाग का? १८४० च्या दशकात जेम्स ज्यूल या इंग्रज संशोधकानं पाण्यात पाती फिरवून हाच हिशेब मांडला. खाली उतरणाऱ्या वजनानं पाती फिरायची, पाणी घुसळलं जायचं आणि अगदी किंचित तापायचं. त्या नात्याचा आज मान्य असलेला आकडा असा: पाणी एका अंशानं तापवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात तेच पाणी ४२७ मीटर उंच नेता येतं. एक अंश, आणि ४२७ मीटर. उष्णता म्हणजे पाण्याच्या एकूण एक रेणूची धडपड वाढवणं. उचलणं म्हणजे त्या सगळ्यांना मिळून एका दिशेनं थोडं सरकवणं. निसर्गाच्या दरपत्रकात पहिलं काम भयंकर महाग आहे.

म्हणून फिरत्या घरात उष्णतेचं काम ना हाताला द्यावं ना बॅटरीला. ते जाळाचं काम. पालापुढच्या तीन दगडांच्या चुलीवर काळं पडलेलं पातेलं ठेवणाऱ्या बाईनं हा निर्णय अचूक घेतलेला असतो. ट्रेलरमध्ये गॅसची शेगडी किंवा छतावरचा सौर बंब घ्या, पण बॅटरीवर गिझर चालवायचं स्वप्न सोडा.

आणि पंपाचं काय? ऊर्जेच्या दृष्टीनं दोन्ही चालतील. तरी मी हात धुण्याच्या बेसिनला पायानं दाबायचा पंप बसवीन. पाय थांबला की धार थांबते. बटणाच्या नळाखाली साबण लावताना पाणी वाहत राहतं. टँकर दिवसातून एकदाच येणार असेल, तर तिथं जपायचं ते पाणी आहे.

आता जॅक. मला या साधनाबद्दल अपार आदर आहे.

ट्रॅक्टरपासून ट्रॉली सोडवायची तर तिचं पुढचं तोंड कशावर तरी टेकवावं लागतं. त्या तोंडावर दहा क्विंटल भार आहे असं धरू. स्क्रू जॅकच्या आट्यांमधलं अंतर ६ मिलिमीटर आणि दांडा ३० सेंटिमीटर. दांडा एक वेढा फिरला की हात १८८ सेंटिमीटर प्रवास करतो आणि ट्रॉली उचलली जाते फक्त ६ मिलिमीटर. हाताचा प्रवास ट्रॉलीच्या प्रवासाच्या तीनशे पटींहून जास्त, म्हणून जोरही तेवढ्याच पटीनं वाढायला हवा. घर्षण त्यातले तीनपैकी दोन हिस्से खाऊन टाकतं. उरते शंभर पट. म्हणजे दहा क्विंटल उचलायला हातावर दहा किलोचा जोर. बारा वर्षांची पोरगीसुद्धा हे करू शकते. पन्नास वेढ्यांत ट्रॉली ३० सेंटिमीटर वर येते आणि दोन-तीन मिनिटांत काम संपतं.

पण खरी जादू त्या वाया गेलेल्या दोन हिश्श्यांत आहे. दांडा सोडून दिला तर दहा क्विंटलचा भार स्क्रूला उलटा फिरवत खाली का येत नाही? कारण वर नेताना निम्म्याहून जास्त काम खाणारं घर्षण खाली येताना भाराला पुरून उरतं. कोणत्याही स्क्रूची कार्यक्षमता निम्म्यापेक्षा कमी असेल, तर तो आपोआप अडकून राहतो. ना कुलूप, ना खिट्टी, ना कोणी धरून ठेवणारा. आपण ज्याला तोटा म्हणतो, तोच ट्रॉलीखाली वाकलेल्या माणसाचा जीव राखतो! तेलाच्या हायड्रॉलिक जॅकला हे जमत नाही. त्याचं रबरी सील झिजलं की तेल मुंगीच्या पावलानं सरकतं आणि गाडी खाली बसते. म्हणूनच जुने ड्रायव्हर हायड्रॉलिक जॅक लावल्यावरही चेसीखाली लाकडाचा ठोकळा सरकवल्याशिवाय आत डोकं घालत नाहीत.

विजेचा जॅक म्हणजे काय? आत तोच स्क्रू, फक्त दांड्याच्या जागी मोटर आणि दातेरी चाकं. बॅटरीतून जाणारी ऊर्जा तीनेक वॅट-तास, म्हणजे नगण्य. वाचतात दोन मिनिटं आणि खांद्याचा त्रास. ज्यांचा खांदा आखडलेला आहे, ज्यांचं वय झालं आहे, जे एकटे फिरतात, त्यांच्यासाठी ही दोन मिनिटं फार मोलाची असतात आणि तिथं मोटरच घ्यावी. पण घेताना एक गोष्ट बघावी. चांगल्या विजेच्या जॅकच्या डोक्यावर रबरी बुचाखाली एक भोक असतं. मोटर जळाली की त्यात हँडल घालून हातानं फिरवता येतं. ज्या जॅकला ते भोक नाही, तो मी फुकटही घेणार नाही.

माळेगावला येणाऱ्या भटक्या समाजांत घिसाडी आहेत. त्यांचं सबंध दुकान चाकांवर असतं: ऐरण, घण, सांडशी, कोळशाचं पोतं आणि भाता. विळा, खुरपं, कुऱ्हाड, वखराची पास, जे म्हणाल ते माळावर बसून घडवून देतात. बहुतेकदा पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसलेला आणि त्याची बायको उभी राहून घण घालणारी. त्या घणाची लय ऐकत उभं राहावं असं वाटतं.

कातड्याच्या जुन्या भात्याच्या जागी बऱ्याच ठिकाणी हातानं फिरवायचा लोखंडी पंखा आला आहे. मूठ मिनिटाला पन्नाससाठ वेळा फिरते आणि आतल्या दातेरी चाकांमुळं पंखा हजारावर वेढे घेतो. आता कुणी बॅटरीचा छोटा ब्लोअरही लावतं. पंख्याला चाळीस वॅट लागतात असं धरलं, तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तिचं आयुष्य न बिघडवता पाच तास वारा देईल. नुसत्या आकड्यांवर मोटर जिंकते. हाताला तासन् तास चाळीस वॅट देत राहणं म्हणजे शिक्षाच.

तरी भट्टीपाशी थोडं थांबून बघितलं की गोष्ट गुंतागुंतीची होते. लोखंड सातशे-आठशे अंशांना लालभडक होतं, हजाराच्या आसपास नारिंगी, त्याहून वर पिवळं. पिवळ्याच्याही पुढं गेलं की ठिणग्या उडायला लागतात, म्हणजे पोलाद जळू लागलं. पात्याला पाणी द्यायचं असतं तेव्हा तो रंग नेमका गाठावा लागतो. म्हणून घिसाडी उन्हात काम टाळतो, पालाच्या सावलीत बसतो. उन्हात रंग फसवतो. हात पंख्यावर असला की लोखंड जाळात असताना वारा जोरात, ते ऐरणीवर गेलं की वारा मंद. कोळसा फुकट जळत नाही. मोटर मात्र एकाच जोरानं फुंकत राहते आणि लोखंड बाहेर असतानाही कोळसा खाते. यावर उपाय फारच साधा आहे: मोटर विजेची ठेवा, पण वाऱ्याच्या नळीत हातानं सरकवायची एक पत्र्याची झडप बसवा. ताकद मोटरची, अंदाज हाताचा.

आणि एक गोष्ट आकड्यांत येत नाही. तो पंखा बहुतेकदा घरातली लहान मुलं फिरवत असतात. एका छोट्या बॅटरीनं एखाद्या मुलीचा हात मोकळा केला आणि ती शाळेत बसली, तर कोळसा थोडा जास्त जळाला तरी मी मोटरच्या बाजूनं उभा राहीन.

यात्रांमध्ये पूर्वी लाकडी पाळणे असायचे, चार पेट्यांचे, आणि एकदोन माणसं ते हातानं फिरवायची. आठ मुलांचं वजन दोन माणसं कशी उचलतात, असं वाटायचं. ती उचलतच नाहीत. जेवढं वजन एका बाजूनं वर जातं, तेवढंच दुसऱ्या बाजूनं खाली येतं. हाताला फक्त कण्याचं घर्षण आणि हवेचा विरोध भरून काढायचा असतो. एका पेटीत दणकट मामा आणि समोर चिमुरडी भाची बसली की मात्र हिशेब बिघडतो, म्हणून पाळणेवाला कुणाला कुठं बसवायचं ते स्वतः ठरवतो. आजचे उंच आकाशपाळणे डिझेलवर किंवा विजेवर फिरतात, पण माणसं बसवताना समोरासमोरच्या पेट्या भरण्याचा नियम तोच आहे.

आता ज्या यंत्रानं हात की वीज या प्रश्नाचं सगळ्यात सुंदर उत्तर दिलं, त्याकडं येऊ: तंबूतला सिनेमा, म्हणजे टुरिंग टॉकीज.

महाराष्ट्रात फिरत्या चित्रांची परंपरा सिनेमाच्याही आधीची. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० च्या दशकात शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, मागं दिवा, पुढं भिंग, आणि काचा इतक्या चपळाईनं सरकवायच्या की पडद्यावरची चित्रं हलल्यासारखी वाटावीत. सगळी करामत बोटांची. मग कॅमेरा आला. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढं आला. तो काळ हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यांचा. एका वेढ्यात आठ चौकटी, सेकंदाला दोन वेढे, म्हणजे सोळा चौकटी. कॅमेरामन मनातल्या मनात ठेका धरून दांडा फिरवायचा. गती थोडी इकडंतिकडं झाली तरी कुणाचं बिघडत नव्हतं, कारण डोळा याबाबतीत फार दयाळू आहे. चालणारा माणूस किंचित जलद चालला, एवढंच.

कान दयाळू नाही. १९३१ मध्ये 'आलम आरा' बोलू लागला, १९३२ मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'नं मराठी बोलपट आणला, आणि हाताचं राज्य संपलं. आवाज फिल्मच्या कडेला छापलेला असतो, म्हणून फिल्मची गती बदलली की सूर बदलतो. बोलपटाची गती ठरली सेकंदाला चोवीस चौकटी. ती तेवीस झाली, तर गती चार टक्क्यांनी उतरली. षड्ज आणि त्याच्या खालचा शुद्ध निषाद यांत सहा टक्क्यांच्या आसपास अंतर असतं. म्हणजे सेकंदाला एक चौकट कमी होताच गाणाऱ्याचा षड्ज निषादाच्या दिशेनं जवळपास पाऊण वाट घसरतो! ज्याला रागाचं नावही ठाऊक नाही असा प्रेक्षकही दचकतो. कुठल्याही माणसाचा हात दोन-अडीच तास एवढी काटेकोर गती धरू शकत नाही. इथं मोटर हवीच होती, आणि ती सोयीसाठी नव्हे, कानासाठी आली.

त्यातही एक पेच बघा. चित्र दिसायचं तर फिल्मची प्रत्येक चौकट भिंगापुढं क्षणभर स्तब्ध उभी राहायला हवी, नाहीतर पडद्यावर नुसते पट्टे दिसतील. म्हणजे फिल्म सेकंदाला चोवीस वेळा थांबते आणि चोवीस वेळा झटक्यानं पुढं जाते. आवाज वाचायचा तर तीच फिल्म अजिबात न थांबता एकसारखी सरकायला हवी. दोन्ही एकाच फिल्मवर, एकाच वेळी! यंत्रकारांनी युक्ती काढली. चित्राच्या खिडकीनंतर फिल्मला एक सैल वेढा दिला, जो झटके पोटात घेतो. पुढं फिल्म एका जड चक्राला जोडलेल्या रुळावरून जाते. चक्राचं वजन गती एकसारखी ठेवतं आणि आवाज तिथं वाचला जातो. म्हणून पडद्यावर दिसणाऱ्या चित्राचा आवाज त्या चौकटीच्या शेजारी छापलेला नसतो, तो सुमारे वीस चौकटी पुढं असतो. हे पहिल्यांदा समजतं तेव्हा माणूस हातातली फिल्म उन्हाकडं धरून बघत बसतो.

टुरिंग टॉकीजच्या ट्रकच्या मागच्या भागातच प्रोजेक्टर पक्का बसवलेला असायचा. ट्रक मैदानात उभा केला, तंबू ठोकला, पडदा ताणला की झालं थिएटर. आणि त्या ट्रकात मोटरशेजारीच हाताचं एक मोठं काम शिल्लक होतं. प्रकाशासाठी कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची कमान पेटवायची. कांडीच्या टोकाचं तापमान साडेतीन हजार अंशांच्या पलीकडं. कांड्या जळून आखूड होत जातात, मधलं अंतर वाढतं, प्रकाश आधी थरथरतो आणि मग विझतो. म्हणून ऑपरेटर काळ्या काचेतून बघत दर थोड्या वेळानं मुठी फिरवून कांड्या जवळ आणायचा. धन बाजूची कांडी जास्त वेगानं जळते, म्हणून ती जाडही असायची. पुढं कांड्या सरकवणाऱ्या मोटरी आल्या, तरी हाताची मूठ यंत्रावर राहिलीच. एकाच यंत्रात फिल्मची गती मोटरकडं आणि ज्योतीची राखण माणसाकडं, ही वाटणी मला अतिशय शहाणपणाची वाटते. फिल्मला एकसारखेपणा हवा होता. ज्योतीला हवी होती नजर.

मोटर आली तसा तिचा एक धोकाही आला. माळावर वीज जनरेटरची. बाहेर कुणी अचानक चार हॅलोजन लावले की इंजिनावर ताण येतो, त्याची गती उतरते आणि तंबूतलं गाणं ओशाळल्यासारखं खाली येतं. चांगल्या जनरेटरवर गती सांभाळणारा गव्हर्नर असतो, तो डिझेल वाढवून तोल सावरतो, पण त्यालाही सावरायला क्षणभर लागतो. म्हणून जाणते टॉकीजवाले प्रोजेक्टरचा जनरेटर आणि रोषणाईचा जनरेटर वेगळे ठेवायचे. या जगाचे शेवटचे दिवस शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या २०१६ च्या माहितीपटात बघायला मिळतात. फिल्मची रिळं जाऊन डिजिटल प्रोजेक्टर येतो तेव्हाची घालमेल त्यात आहे. फिल्मचा प्रोजेक्टर बिघडला तर कानस, पाना आणि तेलाची कुपी घेऊन रस्त्याकडेला दुरुस्त होतो. डिजिटल प्रोजेक्टरला धूळ सोसत नाही आणि त्याचं सर्किट हातानं उघडून काही कळत नाही. यात्रेत धुळीशिवाय असतं काय?

पुन्हा ट्रेलरकडं वळू. ट्रेलर बांधणारे लोक विजेच्या तारेला फार कमी लेखतात. बॅटरी पुढं, मोटर मागं, मधे दहा मीटर तार. जाऊन-येऊन वीस मीटर. मोटर ६०० वॅटची असेल तर १२ व्होल्टवर तिला ५० अँपिअर प्रवाह लागतो. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची तार, घरातल्या गिझरला लावतात तशी, वापरली तर एवढा प्रवाह जाताना सव्वाचार व्होल्ट तारेतच संपतात. बारापैकी एक तृतीयांश! मोटर कण्हत फिरते, तार तापते, आवरण वितळू लागतं. तीच मोटर २३० व्होल्टची असती, तर प्रवाह अडीच अँपिअरच्या आसपास असता आणि त्याच तारेत पाव व्होल्टही गेला नसता. प्रवाह वीसपट झाला की तारेत तयार होणारी उष्णता चारशे पट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गानं वाढते. म्हणून १२ व्होल्टवर दिवे, पंखा, मोबाइल, छोटा पंप ही हलकी कामं ठेवावीत. जड मोटर घ्यायचीच असेल तर बॅटरी तिच्या शेजारी बसवावी. आणि बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज. यात तडजोड नको, कारण रात्री त्या डब्यात आपली माणसं झोपलेली असतात.

हात मुळीच पोचत नाही अशी जागा म्हणजे ब्रेक. तीन टनांची ट्रॉली ताशी ४० किलोमीटरनं धावते आहे. तिला पाच सेकंदांत थांबवायचं तर त्या काळात सुमारे ३७ हजार वॅटनं ऊर्जा काढून घ्यावी लागते. पायडल मारणाऱ्या पाचशे माणसांची शक्ती! आपल्याकडच्या पुष्कळ शेती-ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. लोहा, कंधार, मुखेडकडून ऊसतोडीला निघालेली कुटुंबं भांडीकुंडी, सरपण आणि लेकरांसकट अशा ट्रॉलीत बसून जातात. घाटाच्या उतारावर ती ट्रॉली मागून ट्रॅक्टरला ढकलत असते. हे चित्र डोळ्यांपुढं आलं की जिवाचं पाणी होतं.

याला एक तोड अशी आहे की तिला ना हात लागतो ना वीज. ओढणारी गाडी मंदावली की ट्रेलर तिला पुढं ढकलतो. जोडणीचा दांडा थोडा मागं-पुढं सरकेल असा ठेवायचा आणि त्या सरकण्यानंच ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक ओढले जातील अशी तार जोडायची. जेवढा जोरात ढकलेल, तेवढा ब्रेक घट्ट. ट्रेलर स्वतःच्याच रेट्यानं स्वतःला थांबवतो! दुसरा प्रकार विजेचा: ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की ट्रेलरच्या चाकातला विद्युतचुंबक फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, ड्रम त्याला ओढतो आणि ती ओढ ब्रेकचे शू दाबते. चुंबकाला वीज थोडीशीच लागते, जोर फिरत्या चाकाचाच. अशा ट्रेलरवर एक छोटी वेगळी बॅटरी आणि एक पिन असते. पिनेची दोरी ओढणाऱ्या गाडीला बांधलेली. जोडणी तुटून ट्रेलर सुटला तर दोरी पिन उपटते आणि बॅटरी ताबडतोब ब्रेक लावते. नवा ट्रेलर बांधणाऱ्यानं बटणाचं छत, बटणाची पायरी यांवरचा खर्च वाचवून तो इथं घालावा, असं मी अगदी आग्रहानं सांगेन. छताची ताडपत्री चार खुंट्या आणि दोन दोर यांवर उत्तम ताणली जाते. फडाची माणसं पिढ्यान् पिढ्या त्याहून प्रचंड कनात हातानं उभी करत आली आहेत.

राहता राहिली बॅटरी भरण्याची सोय. १०० वॅटची सौर प्लेट मराठवाड्याच्या निरभ्र दिवशी साधारण चारशे-पाचशे वॅट-तास देते. म्हणजे टपावर ठेवलेली एक काच रोज जवळपास एका माणसाच्या दिवसभराच्या मेहनतीएवढं काम करते, आणि तिला भाकरीही लागत नाही. तिला हातानं द्यायच्या दोनच गोष्टी. एक, यात्रेची धूळ रोज पुसायची. दुसरी, तिरकस कोन. लोहा साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. माळेगावची यात्रा भरते त्या सुमाराला भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडं झुकलेला, क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपास असतो. टपावर आडवी पडलेली प्लेट त्या वेळी एक चतुर्थांश ऊन वाया घालवते. तिची उत्तरेकडची कड काठीनं उचलून धरली की ते सगळं परत मिळतं. सूर्याच्या मागं प्लेट फिरवणाऱ्या मोटरी मिळतात, पण एवढ्याशा प्लेटसाठी त्यांचं वजन आणि भानगड परवडत नाही, बाभळीची एक काठी पुरते. मेच्या मध्याला सूर्य लोह्याच्या बरोबर माथ्यावर येतो, तेव्हा ती काढून प्लेट पुन्हा आडवी करायची.